युद्धाची साक्ष आणि निवडणुकीचा फड

हजचा मोसम होता. इजिप्तहून आलेल्या एका यात्रेकरूने काही लोक एकत्र बसलेले पाहिले आणि हे कोण म्हणून चौकशी केली. कुरैश आहेत, असे उत्तर मिळाले. यांच्यातील ज्येष्ठ कोण, असे त्याने पुन्हा विचारले, तेव्हा त्याला ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचे नाव सांगण्यात आले. तो त्यांच्यासमोर गेला आणि त्याने एकामागून एक तीन प्रश्न विचारले. उहुदच्या दिवशी उस्मान (रजि.) रणांगण सोडून गेले होते, हे खरे काय? ह. इब्ने उमर (रजि.) म्हणाले, होय. बदरच्या लढाईत ते नव्हते, हे खरे काय? होय. बैअते रिझवानच्या वेळीही ते हजर नव्हते? होय. तिसरा होकार कानी पडताच त्या माणसाने ‘अल्लाहु अकबर’ म्हटले. ज्यासाठी तो आला होता ते त्याला मिळाले होते.

‘सहीह बुखारी’मधील ही हकिकत दर्सच्या बैठकीत अनेकांनी ऐकली असेल. तिचा उत्तरार्ध पुढे येईल. तूर्त एवढे ध्यानात घ्यावे की ह. उस्मान (रजि.) हे तिसरे खलीफा होते आणि त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस त्यांच्याविरुद्ध जो असंतोष पेटवला गेला त्याचे एक केंद्र इजिप्त होते. तरीही या प्रश्नकर्त्याने त्यांच्या न्यायदानाविषयी किंवा बैतुलमालच्या हिशेबाविषयी एक शब्दही विचारला नाही. त्याने विचारले ते कित्येक वर्षांपूर्वीच्या तीन प्रसंगांविषयी: तुमचा हा माणूस तेव्हा कोठे होता?

राज्यकर्त्याची युद्धातील जुनी हजेरी-गैरहजेरी उकरून काढायची आणि तिच्यावरून त्याची योग्यता ठरवायची, ही रीत अशी फार जुनी आहे. आपल्या हयातीत तिचे सर्वांत ठळक उदाहरण पाहावयास मिळाले ते अमेरिकेत, २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत. तो प्रसंग आता इतिहासजमा झाला आहे. म्हणूनच त्याचा अभ्यास शांत चित्ताने करता येतो. शिवाय ज्या युद्धावरून तो वाद झाला ते एका मुस्लिम देशात चालू होते, त्यामुळे आपल्यालाही त्यातून काही शिकण्यासारखे आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अध्यक्ष जॉर्ज बुश यांना इराकविरुद्ध लष्करी बळ वापरण्याचा अधिकार देणारा ठराव संमत केला. प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ अशी मते पडली. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर जॉन केरी हे त्या ७७ जणांपैकी एक. मार्च २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेची संमती नसताना आक्रमण झाले. इराकपाशी महाविनाशक शस्त्रे आहेत, हे त्यासाठी दिलेले प्रमुख कारण होते. १ मे २००३ रोजी बुश एका विमानवाहू युद्धनौकेवर उतरले आणि कामगिरी फत्ते झाल्याचा फलक पाठीशी लावून त्यांनी भाषण केले. परंतु युद्ध संपले नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इराक व अफगाणिस्तानसाठी आणखी ८७ अब्ज डॉलर मंजूर करावे लागले. या वेळी सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १२ मते पडली. केरी आता त्या १२ जणांत होते.

पुढील वर्षी हेच केरी बुश यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले आणि हेच मत त्यांच्या गळ्यात अडकले. आपल्या सैनिकांना रणांगणात पाठवून हा मनुष्य त्यांच्या खर्चास नकार देतो, असा प्रचार बुश यांच्या पक्षाने चालवला. मार्चमध्ये वेस्ट व्हर्जिनियातील एका सभेत केरी यांनी त्याचा खुलासा केला की त्या ८७ अब्जांच्या विरोधात मत देण्यापूर्वी आपण त्यांच्या बाजूनेही मत दिले होते. बोलण्याच्या ओघात आलेले हे एक वाक्य. प्रतिपक्षाने ते जाहिरातीत घातले आणि निवडणूक संपेपर्यंत वाजवले. अमेरिकेत रबरी चपलेला जो शब्द वापरतात तोच राजकीय कोलांटउडीलाही वापरतात. त्यामुळे रिपब्लिकन पक्षाच्या सभांतून कार्यकर्ते हातांत चपला घेऊन त्या हलवीत केरींची टिंगल करीत. पुढे समुद्रात शिडाच्या फळीवर उभे राहून डावीउजवीकडे वळणाऱ्या केरींची चित्रफीतही जाहिरात म्हणून आली.

वास्तविक त्या वाक्यामागे अर्थ होता. केरी व त्यांच्या काही सहकाऱ्यांनी मांडलेल्या दुरुस्तीनुसार हा पैसा श्रीमंतांना दिलेली करसवलत मागे घेऊन उभा करावयाचा होता. त्या दुरुस्तीच्या बाजूने त्यांनी मत दिले, ती फेटाळली गेल्यावर मूळ विधेयकाच्या विरोधात दिले. म्हणजे केरींनी निधीविरुद्ध मत दिले, हे विधान अक्षरशः खरे होते. फक्त त्याच्या अलीकडचा व पलीकडचा भाग कापून टाकला होता.

येथे ह. इब्ने उमर (रजि.) यांच्याकडे परत जाऊ. तो इजिप्तवासी आनंदाने वळतो आहे, तेवढ्यात ते त्याला थांबवतात आणि म्हणतात, ये, आता तुला सारे उलगडून सांगतो. लक्षात घ्या, तिन्हींपैकी एकही गोष्ट त्यांनी नाकारली नाही. उहुदच्या दिवशी जे मागे फिरले त्यांना अल्लाहने क्षमा केल्याचे खुद्द कुरआनात (सूरह आलि इमरान, १५५) आलेले आहे. मग ज्या प्रकरणाचा निकाल त्या दरबारात लागला ते पुन्हा उघडणारे तुम्ही कोण? बदरच्या वेळी ह. उस्मान (रजि.) यांच्या पत्नी, म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कन्या ह. रुकय्या (रजि.) आजारी होत्या. प्रेषितांनीच (स.) त्यांना शुश्रूषेसाठी थांबण्यास सांगितले आणि लढाईत सामील झालेल्यांइतकाच मोबदला व वाटा त्यांना दिला. राहिली बैअते रिझवान. मक्केत ह. उस्मान (रजि.) यांच्याहून अधिक मान असलेला दुसरा कोणी असता तर प्रेषितांनी (स.) त्याला दूत म्हणून धाडले असते. त्यांनी धाडले ते उस्मान (रजि.) यांना, आणि बैअत घेतली गेली ती ते गेल्यानंतर. त्या वेळी प्रेषितांनी (स.) आपला उजवा हात दुसऱ्या हातावर ठेवून हा उस्मानचा हात असे सांगितले. सीरतच्या ग्रंथांवरून आपणास हेही ठाऊक आहे की ती बैअत झालीच मुळी ह. उस्मान (रजि.) यांची मक्केत हत्या झाल्याची अफवा आली म्हणून. ज्या माणसाच्या रक्ताचा सूड घेण्यासाठी शपथ घेतली गेली, त्याच माणसावर शपथेला गैरहजर राहिल्याचा आरोप! हे सांगून झाल्यावर ह. इब्ने उमर (रजि.) त्या माणसाला म्हणाले की आता हे आपल्याबरोबर घेऊन जा.

खोटी बातमी ओळखणे तुलनेने सोपे असते. तीन खऱ्या गोष्टी एका ओळीत मांडून त्यांतून खोटा माणूस उभा केला जातो, तेव्हा भल्याभल्यांची फसगत होते. बुश यांच्या जाहिरातींनी केरींचे हेच केले. पण येथे वाचकांनी सावध राहावे. इराकयुद्धाविषयी आपल्या मनात रोष असल्याने केरी आपल्याला आपोआप जवळचे वाटू लागतात, आणि एखाद्या समूहाचे वैर तुम्हाला न्यायापासून ढळवू नये असे सूरह अल-माइदामध्ये (आयत ८) जे बजावले आहे ते नेमके अशाच मनःस्थितीसाठी आहे. केरी त्या ७७ जणांत होते, ही गोष्ट त्यांचेच समर्थक नंतर हलकेच बाजूला सारीत. त्याहून गंभीर बाब ऑगस्ट २००४ ची आहे. शस्त्रे सापडणार नाहीत हे आधी ठाऊक असते तरीही अध्यक्षांना तो अधिकार देण्याच्या बाजूनेच मत दिले असते काय, असे विचारले गेले, तेव्हा त्यांनी होय म्हटले. मग सप्टेंबरमध्ये हेच युद्ध चुकीचे, चुकीच्या ठिकाणचे आणि चुकीच्या वेळचे ठरवून ते भाषणे देऊ लागले.

मत बदलणे हा स्वतःमध्ये दोष नव्हे. ह. उमर (रजि.) यांनी ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांना न्यायदानाविषयी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. काल दिलेला निवाडा आज फेरविचाराअंती चुकीचा वाटला तर कालच्या निवाड्याने सत्याकडे परतण्याची वाट अडवू नये, असा त्यातील एका आदेशाचा आशय आहे. आपल्या इमामांनीही अनेक बाबतींत आपल्या पूर्वीच्या मतांपासून रुजू केले आणि त्यामुळे त्यांची थोरवी घटली नाही, वाढली. परंतु रुजू करणारा मनुष्य आधी आपली चूक सांगतो आणि मग वळतो. केरींनी २००४ मध्ये दिशा बदलली, चूक सांगितली नाही. प्रतिपक्षाने त्यांना कोलांटउडीबद्दल दोष दिला तो म्हणूनच चिकटला. दुसरीकडे बुश आपण कधीच वळत नाही हा आपला गुण म्हणून मिरवीत होते. ज्या वाटेने निघालो ती चुकीची असेल तर न वळणे हा कसला गुण, हे विचारण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले.

आतापर्यंत पाहिला तो इराकच्या युद्धावरून झालेला वाद. त्याच निवडणुकीत दुसरे एक युद्धही लढले गेले आणि ते पस्तीस वर्षांपूर्वी व्हिएतनाममध्ये झालेले होते.

केरी हे तरुणपणी नौदलाच्या ‘स्विफ्ट बोट’ नावाच्या छोट्या गस्ती नौकांवर मेकाँग नदीच्या मुखाशी लढले होते. त्यांना ‘सिल्व्हर स्टार’ व ‘ब्राँझ स्टार’ ही शौर्यपदके आणि जखमी सैनिकांना मिळणारी तीन ‘पर्पल हार्ट’ पदके मिळाली. परत आल्यावर ते त्या युद्धाचे कडवे विरोधक बनले. एप्रिल १९७१ मध्ये सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीपुढे त्यांनी अमेरिकी सैन्याच्या अत्याचारांविषयी साक्ष दिली. बुश त्या काळात टेक्सास एअर नॅशनल गार्डमध्ये वैमानिक होते. या दलात प्रवेश मिळालेल्यांपैकी बहुतेकांवर व्हिएतनामला जाण्याची वेळ येत नसे. १९७२ मध्ये त्यांनी सक्तीची वैद्यकीय तपासणी चुकवली आणि त्यांची उड्डाणाची परवानगी काढून घेतली गेली. त्या सुमारास ते हजेरीला होते की नव्हते, हा वाद तेव्हापासून चालू होता.

जुलै २००४ च्या अखेरीस बॉस्टन येथील अधिवेशनात केरींनी लष्करी सलाम ठोकून आपण सेवेस हजर असल्याची घोषणा केली. आपली लढाई त्यांनी स्वतःच बाजारात मांडली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. आणि बाजारात मांडलेल्या मालाची पारख करायला गिऱ्हाईक येणारच. आठवडाभरातच स्विफ्ट बोटींवरील काही माजी सैनिकांच्या संघटनेची दूरदर्शन-जाहिरात आली. केरी आपल्या पराक्रमाविषयी खोटे बोलले, असे तीत एकामागून एक सैनिक सांगत होता. जाहिरात प्रथम मोजक्या राज्यांतच दाखवली गेली, पण वृत्तवाहिन्यांनी ती बातमी म्हणून उचलली आणि ती घरोघरी पोचली. पुढील महिन्यात रिपब्लिकन पक्षाच्या न्यूयॉर्क येथील अधिवेशनात काही प्रतिनिधी जांभळा बदाम छापलेल्या पट्ट्या अंगावर चिकटवून फिरत होते, केरींच्या जखमा म्हणजे खरचटणे होते हे सुचवण्यासाठी. त्यांच्याच पक्षाचे सिनेटर जॉन मॅकेन, जे व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी होते, त्यांनी मात्र ती मूळ जाहिरात अप्रामाणिक व अशोभनीय असल्याचे सांगितले.

फिक्हच्या ग्रंथांत साक्षीदाराच्या अटी सविस्तर दिलेल्या आहेत. तो विश्वासार्ह चारित्र्याचा असावा. ज्याविषयी तो बोलतो ते त्याने स्वतः पाहिलेले असावे. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्याच्याशी त्याचे वैर नसावे आणि ज्याच्या बाजूने द्यायची त्याच्या लाभात त्याचा वाटा नसावा. या चाळणीतून तो वाद गाळून पाहण्यासारखा आहे. जाहिरातीत बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी केरींच्या नौकेवर सेवा केलेली नव्हती. केरींच्या १९७१ च्या साक्षीने आपली बदनामी झाली ही सल त्यांतील अनेकांनी स्वतःच बोलून दाखवली होती. एका घटनेत शत्रूचा गोळीबार झालाच नव्हता असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच घटनेबद्दल स्वतःला पदक मिळालेले होते आणि त्या पदकाच्या मानपत्रात शत्रूच्या गोळीबाराचा उल्लेख निघाला. उलट केरींच्या नौकेवरील खलाशी, एकाचा अपवाद वगळता, त्यांच्या बाजूने बोलले. पण हेही मान्य केले पाहिजे की ते प्रचारात त्यांच्याबरोबर व्यासपीठावर असत, तेव्हा कडक काझीने त्यांचीही साक्ष बाजूला ठेवली असती. मग उरते काय? त्या वेळचे लेखी दफ्तर, जे केरींच्या बाजूचे होते. आणि ‘शिकागो ट्रिब्यून’मधील एक संपादक. सिल्व्हर स्टार ज्या चकमकीबद्दल मिळाला तिच्यातील तीन नौकांपैकी एकीचा तो प्रमुख होता. पस्तीस वर्षे तो गप्प राहिला होता. ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच्या नावाने लिहून सांगितले की आरोप खोटे आहेत. नौदलाच्या महानिरीक्षकांनीही सप्टेंबरमध्ये कागद तपासून पदके रीतसर दिली गेल्याचे कळवले. केरींची बाजू सर्वस्वी निर्मळ होती असे मात्र नाही. १९६८ च्या नाताळात आपण सीमा ओलांडून कंबोडियात होतो, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले होते. त्यांच्याच प्रचारकांना त्या कथनात दुरुस्ती करावी लागली.

दुसऱ्या बाजूनेही तोच प्रकार घडला. ८ सप्टेंबर रोजी सीबीएस वाहिनीवर ज्येष्ठ वृत्तनिवेदक डॅन रादर यांनी बुश यांच्या दिवंगत वरिष्ठाने १९७२-७३ मध्ये लिहिल्याचे सांगितलेली टिपणे दाखवली. बुश यांच्यावर मेहेरनजर करण्यासाठी दबाव येत असल्याचे त्यांत म्हटले होते. काही तासांतच लोकांनी प्रश्न उपस्थित केला की ही अक्षरे त्या काळच्या टंकलेखन यंत्राची वाटत नाहीत, संगणकाची वाटतात. वाहिनी बारा दिवस अडून राहिली. २० सप्टेंबरला तिला मान्य करावे लागले की कागद अस्सल असल्याचे आपण सिद्ध करू शकत नाही. रादर यांनी माफी मागितली. जानेवारी २००५ मध्ये चौकशीचा अहवाल आल्यावर चौघांना पदे सोडावी लागली. गंमत पाहा, बुश यांच्या हजेरीविषयीचा मूळ प्रश्न काही अगदीच निराधार नव्हता. पण संशयास्पद कागदांनी तो इतका झाकोळला की पुढे कोणी तो विचारीनासे झाले. बातमी आणणारा भरवशाचा नसेल तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाला इजा कराल आणि मग पस्तावाल, हा सूरह अल-हुजुरातमधील (आयत ६) आदेश आपण बहुधा समोरच्याच्या अब्रूसाठी समजतो. या प्रकरणाने दाखवले की तो आपल्या स्वतःच्या सत्य बाजूच्या रक्षणासाठीही आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती. ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकेच्या दूरदर्शनवर १९६९ मधील एका नदीच्या काठी गोळ्या झाडल्या गेल्या होत्या की नाही यावर रात्रंदिवस चर्चा चालू होती. त्याच ऑगस्टमध्ये, त्याच आठवड्यांत, इराकमधील नजफ शहरात गोळ्या झाडल्या जात होत्या. ह. अली (रजि.) यांच्या रौजाभोवती आणि त्याला लागून असलेल्या विस्तीर्ण कब्रस्तानात अमेरिकी फौज व मुक्तदा अल-सद्र यांचे अनुयायी लढत होते. आयतुल्लाह सीस्तानी महिनाअखेरीस परतले आणि त्यांच्या मध्यस्थीने तो संघर्ष थांबला. मेलेल्यांची गणना तेथे कोण करीत होते? ७ सप्टेंबरला इराकमध्ये प्राण गमावलेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या एक हजारावर गेली, ती प्रत्येक वृत्तपत्राने छापली. त्या प्रत्येकाचे नाव, गाव, वय उपलब्ध होते आणि ते योग्यच होते. इराकी नागरिकांची मोजदाद आक्रमण करणाऱ्या सैन्याने केलीच नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस, मतदानाला चार दिवस उरले असताना, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने एक पाहणी प्रसिद्ध केली. आक्रमणानंतर सुमारे ९८,००० जादा मृत्यू झाले असावेत, असा तिचा अंदाज होता. अंदाजाची खालची मर्यादा ८,००० आणि वरची १,९४,००० इतकी रुंद होती, म्हणून त्यावर शास्त्रीय मतभेद झाले आणि ते होणे रास्त होते. परंतु अगदी खालची संख्या धरली तरी ती आठ हजार माणसांची आहे. दोघांपैकी कोणत्याही उमेदवाराने तो आपल्या प्रचाराचा विषय केला नाही.

एकाने दुसऱ्याला विचारले, तू सैनिकांना पैसे का नाकारलेस? दुसऱ्याने पहिल्याला विचारले, तू पुरेशी योजना व मित्रराष्ट्रे बरोबर न घेता का गेलास? ३० सप्टेंबरच्या पहिल्या वादसभेत केरी म्हणाले की युद्धाविषयी बोलताना माझी चूक झाली, अध्यक्षांची चूक इराकवर चालून जाण्यात झाली, यांतील मोठी कोणती? वाक्य चपखल होते. पण चालून जाण्याचा अधिकार देणाऱ्या मताचा त्यात उल्लेख नव्हता. ज्यांची घरे पडली त्यांच्या वतीने विचारणारा त्या व्यासपीठावर कोणी नव्हताच. त्यांना मत नव्हते.

६ ऑक्टोबरला खुद्द अमेरिकी सरकारने नेमलेल्या पथकाचा अहवाल आला: इराककडे महाविनाशक शस्त्रांचे साठे नव्हते, ते १९९१ मध्येच नष्ट केले गेले होते. दोन दिवसांनी सेंट लुई येथे दुसरी वादसभा झाली. तीत सामान्य मतदार प्रश्न विचारीत होते. एका महिलेने बुश यांना विचारले की आपण घेतलेल्या अशा तीन निर्णयांची उदाहरणे द्या जे चुकीचे होते असे आपणास नंतर कळून आले. बुश यांनी नेमणुका करताना काही चुका झाल्याचे मोघमपणे सांगितले, नावे घेतली नाहीत, आणि इराकचा मोठा निर्णय बरोबरच होता असे उत्तर दिले.

अशाच एका हिशेबाच्या प्रसंगी ह. कअब बिन मालिक (रजि.) काय बोलले ते आठवावे. हिजरी सन ९ मध्ये तबूकची मोहीम निघाली. उन्हाळा कडक होता, खजुराची फळे पिकली होती. कअब (रजि.) आज निघू, उद्या निघू करीत मागे राहिले. तबूकला पोचल्यावर प्रेषितांनी (स.) कअबचे काय झाले असे विचारले, तेव्हा एकाने टोमणा मारला की अंगावरच्या उंची वस्त्रांनी आणि स्वतःला न्याहाळण्याच्या नादाने त्याला अडवले. ह. मुआज बिन जबल (रजि.) तेथल्या तेथे म्हणाले की फार वाईट बोललास, आम्हाला त्यांच्याविषयी भल्याशिवाय काही ठाऊक नाही. प्रेषित (स.) मौन राहिले. मोहीम परतल्यावर मागे राहिलेले ऐंशीहून अधिक लोक आले, शपथा घेतल्या, सबबी सांगितल्या. त्यांच्या सबबी वरवर स्वीकारल्या गेल्या आणि अंतःकरणाचा हिशेब अल्लाहवर सोपवला गेला. कअब (रजि.) हे कवी होते, वाक्पटू होते. ते म्हणाले की दुसऱ्या कोणापुढे बसलो असतो तर शब्दांच्या बळावर सुटून गेलो असतो. पण मला कसलीही सबब नव्हती. त्या वेळी मी जितका धडधाकट व सुखवस्तू होतो तितका कधीच नव्हतो. पन्नास दिवस त्यांच्याशी कोणी बोलले नाही. मग सूरह अत्-तौबामध्ये त्यांच्या व त्यांच्या दोघा साथीदारांच्या क्षमेची आयत (११८) उतरली. हे सारे आपल्यापर्यंत पोचले ते कोणा विरोधकाने उकरून काढले म्हणून नव्हे. वृद्धापकाळी दृष्टी गेल्यावर जो पुत्र त्यांचा हात धरून चालवीत असे त्याला त्यांनी स्वतः, काहीही न लपवता, ते सांगितले.

अमेरिकेतील मुस्लिमांपुढील पेच या निवडणुकीत बिकट होता. २००० मध्ये त्यांच्या प्रमुख संघटनांच्या आघाडीने बुश यांना पाठिंबा दिला होता. २००४ मध्ये अशाच एका आघाडीने केरींना पाठिंबा दिला, पण तो अटींसह आणि निषेधाचे मत म्हणून. एकाने युद्ध केले, दुसऱ्याने त्याला परवानगी दिली, यांत निवड करायची होती. हातातल्या माहितीवर, कमी हानी कोणाकडून होईल हे पाहून त्यांनी निर्णय घेतला. आपल्या आवडीच्या उमेदवाराचे दोषही त्यांनी त्याच पत्रकात लिहिले, हे मला विशेष वाटते. आपल्या देशानेही त्या युद्धाबाबत भूमिका घेतली होती. एप्रिल २००३ मध्ये संसदेने आक्रमणाविरुद्ध ठराव केला आणि अमेरिकेची विनंती असूनही १४ जुलै २००३ रोजी भारत सरकारने इराकमध्ये सैन्य न पाठवण्याचा निर्णय घेतला. वाजपेयी सरकारच्या इतर धोरणांविषयी आपले मत काहीही असो, हा निर्णय बरोबर होता आणि तसे म्हणणे हेही साक्षीचेच एक कर्तव्य आहे.

२ नोव्हेंबरला मतदान झाले. बुश यांना २८६ आणि केरींना २५१ निर्वाचक मते मिळाली. आठवडा उलटण्याच्या आत अमेरिकी फौजांनी फल्लुजावर दुसरा व सर्वांत मोठा हल्ला चढवला. बुश यांनी पद सोडल्यावर, २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत शस्त्रे न सापडल्याचे दुःख नोंदवले आहे. मात्र युद्धाचा निर्णय चुकला असे त्यांनी तेथेही म्हटले नाही. केरी यांनी त्याआधी, जून २००६ मध्ये वॉशिंग्टन येथील एका सभेत स्पष्ट शब्दांत सांगितले की २००२ मधील आपले मत चुकीचे होते. त्या वर्षी त्यांच्यापुढे कोणतीही निवडणूक नव्हती.